जाम झालेला स्टड, तडा गेलेलं हेड आणि अडवून ठेवलेली पद्मिनी

प्रश्न: माझ्या दिवंगत वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी गरम होत होती, म्हणून अंधेरीतल्या एका गॅरेजला दिली. वॉटर पंप आणि हेडवरचं (इंजिनाच्या वरच्या भागावरचं) थर्मोस्टॅट हाउसिंग, म्हणजे पाण्याचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेचं घर, बदलायचं ठरलं. अंदाजे खर्च ९ हजार, ॲडव्हान्स ४ हजार दिला. हाउसिंग निघेना म्हणून छिन्नी-हातोडी लावली. हाउसिंग फुटलं, स्टड (ते हेडला धरून ठेवणारा आटेदार दांडा) तुटला आणि तो ड्रिलने काढताना हेडला तडा गेला. हे मला आठ दिवसांनी सांगितलं. आता म्हणतात, भंगारातलं दुसरं इंजिन बसवू, ३८ हजार द्या, तोवर गाडी मिळणार नाही. शिवाय रोजचे ३०० रुपये पार्किंग. जॉब कार्डावर 'जुन्या गाडीचे काम मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं आहे, त्याखाली माझी सही आहे. माझा काही हक्क उरला आहे का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: ताई, हक्क नक्की उरला आहे. पण आधी दोन गोष्टी आजच करा. दुसऱ्या इंजिनाला होकार देऊ नका, बोलण्याच्या ओघातसुद्धा नाही. आणि गॅरेजला व्हॉट्सॲपवर लिहा: 'काढलेले व तुटलेले सर्व भाग माझ्या मालकीचे आहेत, ते जपून ठेवावेत. माझ्या लेखी परवानगीशिवाय पुढचे काम करू नये.' तो फुटका तुकडा आणि वाकडं पडलेलं भोक हाच तुमचा पुरावा आहे. एकदा ते भंगारवाल्याकडे गेलं की उरतो तो फक्त तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द.

आता मुद्द्याचं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड पोलादी. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलेलं असेल तर दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी फुगते आणि स्टडला आवळून बसते. त्यामुळे ४५ वर्षांहून जुन्या गाडीत स्टड तुटला, एवढ्यावरून कुणी मेकॅनिकला दोषी ठरवणार नाही. चांगल्या कारागिराच्या हातूनही तो तुटतो. प्रश्न त्याआधी काय केलं याचा आहे. गंज सैल करणारं तेल सोडून रात्रभर थांबले का? हाउसिंग तापवून पाहिलं का? उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हा उपाय जाणकार आधी करतात. आणि निघत नाही असं दिसल्यावर, घाव घालण्यापूर्वी, तुम्हाला एक फोन केला का? तुमच्या हकिगतीत हा फोन कुठेच नाही. माझ्या मते तुमची बाजू सर्वात भक्कम इथेच आहे.

दुरुस्तीला दिलेली गाडी म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे निक्षेप, म्हणजे काम झाल्यावर परत देण्याच्या बोलीवर सोपवलेली वस्तू. कलम १५१ सांगतं की, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यायची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीत निष्काळजीपणाही येतो. जॉब कार्डावरची छापील ओळ फार तर गंजामुळे होणाऱ्या मोडतोडीची जोखीम तुमच्यावर टाकते. निष्काळजीपणाला ती माफी देत नाही, असा युक्तिवाद आपण ठामपणे करू शकतो. मात्र त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा हेडचं काम करणारा अनुभवी लेथवाला सोबत न्या, हेडचे फोटो काढा आणि त्याचं मत लेखी, शक्यतो प्रतिज्ञापत्रावर घ्या. तडा वेल्डिंगने भरून, स्टडच्या भोकात हेलीकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून, हेड फेसिंग करून (त्याचा पृष्ठभाग सपाट करून) भागणार असेल तर तो खर्च हाच तुमच्या भरपाईचा आकडा. हेड वाया गेलं असेल तर दुसऱ्या हेडचा खर्च मागायचा.

दुसऱ्या इंजिनाला मी एवढा विरोध का करते, तेही सांगते. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीची जुनी इंजिनं भंगारात मिळतात. पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच तुमच्या आरसीवर आहे. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी २०२८ मध्ये तिथे पोचेल. बिघाड हेडमध्ये असताना वडिलांच्या गाडीचं मूळ इंजिन का घालवायचं?

गाडी अडवण्याबद्दल: करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत कारागीर वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण तो हक्क करारानुसार केलेल्या कामापुरताच. न बसवलेल्या इंजिनासाठी किंवा स्वतःच केलेल्या नुकसानीसाठी नाही. पार्किंगचा दर आधी ठरलेला नसेल तर स्वतःच्या मागणीसाठी गाडी धरून ठेवायची आणि भाडं तुमच्याकडून घ्यायचं, हे टिकणार नाही.

पहिली पायरी नोटीस. पंधरा दिवसांची मुदत द्या, स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात गाडीचा ताबा, ॲडव्हान्स आणि दुरुस्तीचा खर्च मागा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही पार्ल्याला राहता, म्हणजे मुंबई उपनगरचा, वांद्र्याचा आयोग. सेवेचा मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ती ऑनलाइनही भरता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं आहे, पण एवढं थांबू नका. उघड्या इंजिनात पावसाळ्याची हवा गेली की नवा गंज धरेल. तक्रारीसोबतच गाडी ताब्यात मिळावी म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज द्या. तोवर थांबणं शक्य नसेल तर वाजवी रक्कम 'हक्क राखून' असं पावतीवर लिहून भरा. रोख देऊ नका.

गाडी हातात आली की ती चालवत घरी आणू नका. तडा गेलेल्या हेडमधून पाणी ऑइलमध्ये उतरलं तर बेअरिंग जातील, आणि ते नुकसान तुमच्याच हातून झालं असं समोरचा वकील म्हणेल. आधी ऑइलची डिपस्टिक काढून व्हिडिओ घ्या, मग गाडी ट्रेलरवर चढवा.