आईला सिमेंटची कबर नको आहे. कोकणात पर्यावरणाला बरा असा दुसरा काही मार्ग आहे का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुमच्यात दफन करतात, आईने आत्ताच बजावलंय की पेटी नको आणि वर सिमेंट-ग्रॅनाइटही नको. गाव दापोलीकडे, खाडीलगत. परदेशात देहाचं खत करतात, पाण्याने अंत्यसंस्कार करतात असं तुम्ही वाचलंय, त्यातलं इथे काय जमेल?

मी गुहागर तालुक्यातला. आमच्यात दहन, त्यामुळे दफनाबद्दल सांगतोय ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहिलेलं.

परदेशातलं आधी बाजूला काढू. लाकडाच्या भुशात आणि गवतात देह ठेवून त्याची माती करायला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये मान्यता दिली. दुसऱ्या पद्धतीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलेल्या गरम पाण्यात देह विरघळवतात आणि उरलेल्या हाडांची भुकटी घरच्यांना देतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू २०२१ मध्ये गेले, त्यांच्यासाठी हाच मार्ग निवडला होता. आपल्या कोकणात यातलं काहीच नाही, तेव्हा त्याची वाट बघू नका.

आणि गरज तरी कुठे आहे? हर्णै, दाभोळ, बाणकोट या पट्ट्यातले कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या करत आलेत ते बघा. साधं सुती कफन, देह थेट मातीत, अंगावर माती कोसळू नये म्हणून वर फळ्या. डोला असतो तो फक्त कबरस्तानापर्यंत नेण्यापुरता, रिकामा परत येतो. वसईकडच्या काही चर्चमध्येही अलीकडे पेटी सोडून कफनात दफन करायला लागलेत. तिथे जागा कमी, जुनी कबर उघडून पुन्हा वापरावी लागते. तिथला एक मित्र सांगत होता, कबर उघडली तेव्हा लाकडाचा पत्ता नव्हता, पण पॉलिस्टरची साडी आणि प्लास्टिकची फुलं जशीच्या तशी. म्हणून पेटी तर वगळाच, पण आईच्या अंगावरची साडीही सुती असू द्या. बायका हमखास कपाटातली भारीतली भारी काढतात आणि ती नेमकी सिंथेटिक निघते.

खरी अडचण आहे ती पाण्याची. खाडीकाठी आषाढात चार फुटांवर पाणी लागतं. पाण्यात बसलेला देह लवकर कुजत नाही, कारण हवाच पोचत नाही, आणि घाण झिरपते ती शेजारच्या विहिरीत. तेव्हा विहिरीपासून आणि पऱ्यापासून, म्हणजे ओढ्यापासून, लांबची, उंचावरची जागा निवडा. फार खोल जाण्यातही शहाणपण नाही. मातीतले जीवजंतू वरच्या थरातच जास्त असतात. कोल्हीकुत्री उकरणार नाहीत इतकं खोल असलं की झालं. जांभ्यात तसंही पहार वाजायला लागली की माणसं आपणहून थांबतात! घरच्या आगरात पुरायचा विचार असेल तर मात्र ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात आधी विचारा, नंतर नाही.

पहिल्या पावसात कबर खचते. लोक घाबरून सिमेंट ओततात ते याचमुळे. त्यापेक्षा सुरुवातीलाच मातीचा उंच ढीग करा, उशाला एक चिरा उभा करा आणि वर्षभर काही करू नका. मग झाड लावा, बकुळ किंवा सुरंगी. लावायचं ते थोडं बाजूला, अगदी मधोमध नको.

झाडाचं मी अनुभवावरून बोलतोय. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१८ च्या जुलैत गेले. वाडीतल्या घरटी एकाने लाकूड आणलं, पण सगळं ओलं, त्यात अर्धी ऑस्ट्रेलियन बाभूळ. साध्या सरणाला चारशे-पाचशे किलो लाकूड लागतं, आम्हाला त्याहून जास्त लागलं असणार. शेवटी कोणीतरी डिझेलचा कॅन आणला, आणि मग एक टायर. तो काळा धूर माडांच्या शेंड्यांत अडकून बसला होता. ज्या माणसाने आयुष्यभर काजूला औषध मारू दिलं नाही त्याला आम्ही टायरवर जाळलं. त्यानंतर वाडीने स्मशानात लोखंडी जाळीची उंच शेगडी बसवली, खालून हवा खेळते, आता दीडशे-दोनशे किलोत भागतं. लाकूड आणि शेणी मे महिन्यातच पत्र्याखाली रचून ठेवतो. तुमच्या कामाचं नाही, पण दहनवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

हां, झाडाचं राहिलं. अण्णांची बादलीभर राख मी माडाच्या खड्ड्यात तशीच ओतली आणि वर रोप लावलं. दिवाळीपर्यंत पात्यांची टोकं करपून रोप गेलं. चितेच्या राखेत क्षार भरपूर, शिवाय ती चुन्यासारखी अल्कधर्मी, कोवळ्या मुळांना सोसत नाही. पुढच्या वर्षी तीच जागा उकरून बरीचशी माती आणि शेणखत मिसळलं, एक पावसाळा जाऊ दिला आणि मग माड लावला. तो आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय.

देहदानाचाही विचार करा. तुम्हाला जवळचं डेरवणचं वालावलकर रुग्णालयाचं वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गनगरीला सरकारी आहेत. माझ्या आईने अर्ज भरून ठेवलाय. पण अर्ज असला तरी ऐन वेळी वारसांची संमती लागते, शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह घेत नाहीत, आणि काही तासांत पोचवावा लागतो. पावसात घाट बंद असला तर काय, हे आम्हीही अजून सोडवलेलं नाही. म्हणून आईने पाठीमागे दुसरी सोय लिहून ठेवलीय: शेगडी, आणि टायर नको. नेत्रदान मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करता येतं आणि त्यानंतर दफनाला काहीच आड येत नाही.

भावकीशी आत्ताच बोला, मयताच्या घरात तो वाद घालता येत नाही. आणि तुमच्या गावात कबर खणणारा जो कोणी असेल त्याला एकदा श्रावणात भेटून या. कुठल्या कोपऱ्यात पाणी किती वर येतं ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.