घरून काम करता येतं. पुणं सोडून दापोलीला आईवडिलांकडे राहून पैसे साठवावेत का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय 29, पुण्यातल्या कंपनीत नोकरी, हातात 52 हजार येतात, पण खोली, मेस आणि वरखर्च जाऊन महिन्याला 10 हजारही उरत नाहीत. कंपनी घरून काम करू देते. दापोली तालुक्यात गावी आईवडील आहेत. तिथे राहून पुण्यात 40 लाखांच्या फ्लॅटसाठी पैसे जमवावेत का? शिवाय बाबा म्हणतायत, आलास की घरावर स्लॅब टाकू. आणि लोक काय म्हणतील याची धास्ती आहे ती वेगळीच.

मी रत्नागिरी तालुक्यातली. सीएच्या ऑफिसात हिशेब बघते आणि आईबाबांकडेच राहते. माझं उत्तर आहे, जरूर जा. फक्त जमवलेला पैसा त्या स्लॅबमध्ये घालू नका. का ते पुढे सांगते.

आधी आकडे बघू. 40 लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज देते, म्हणजे 8 लाख तुमचे. पुण्यात पुरुषाच्या नावावर घ्यायचं तर मुद्रांक शुल्क 7 टक्के, ते 2 लाख 80 हजार. नोंदणी फी 30 हजार. बँक कर्ज ठरवताना हे दोन्ही खर्च घराच्या किमतीत धरत नाही. एकूण 11 लाख 10 हजार रोख हाताशी हवेत. आता गावी राहून घरात 12 हजार दिलेत, फोन, विमा, पेट्रोल, अधूनमधून पुण्याची फेरी यांना 12 हजार ठेवलेत, तर 28 हजार उरतात. तीन वर्षांत 10 लाख 8 हजार होतात आणि आवर्ती ठेवीचं व्याज धरलं की गरजेच्या आकड्यापाशी पोचता. दुसरी गोष्ट यात मला जास्त महत्त्वाची वाटते. 32 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता पावणेअठ्ठावीस हजारांच्या घरात जातो. म्हणजे ही तीन वर्षं तुम्ही हप्ताच भरताय असं समजा. पगाराच्या दिवशीच 28 हजार आपोआप कापले जाऊ देत. सहा महिन्यांत ते झेपलं नाही, तर तो फ्लॅटही झेपणार नाही हे तुम्हाला कर्ज काढण्याआधीच कळेल.

घरात 12 हजार द्यायचे म्हटल्यावर बाबा घेणार नाहीत, हे आत्ताच सांगते. माझ्या बाबांनी पाकीट तसंच परत सरकवलं होतं. "घर भाड्याने दिलंय काय तुला?" एवढंच बोलले आणि उठून खळ्यात गेले. मग मी पाकीट देणं सोडलं आणि खर्चच उचलले. लाईटबिल माझ्या मोबाईलवर येऊ लागलं, सिलिंडर मी नोंदवायला लागले, दुकानातली आईच्या नावाची वही महिनाअखेर मी चुकती करायला लागले. त्याला कुणी हरकत घेतली नाही. तुम्हीही तेच करा.

आणि हे 12 हजार दर महिन्याला सारखे खर्च होतील असं धरू नका. कोकणातलं घर महिन्यावर चालत नाही, हंगामावर चालतं. मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची असते: वर्षाचा मसाला, तांदूळ, कुळीथ, हर्णैच्या बंदरावरून सोडे, जवळा, बोंबील. त्याच महिन्यात कौलं चाळायची, पडवीला झड लागू नये म्हणून प्लास्टिकचा कागद बांधायचा, सुकी लाकडं आत घ्यायची. नंतर गणपती, मग शिमगा. तुमच्या आईबाबांनी हे आजवर कसं निभावलं ते तुम्हाला पुण्यातून दिसलं नसेल. म्हणून 8 हजार महिन्याच्या खर्चाला द्या आणि 4 हजार वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला 48 हजार होतात, ते याच कामांना वापरायचे.

हिशेबात कुणीच धरत नाही ती गोष्ट म्हणजे आईचे कष्ट. पुण्यात मेसचे जे पैसे वाचणार, ते खरं तर तुमच्या आईच्या कमरेवर वाचणार. माझा भाऊ लॉकडाऊनमध्ये घरून काम करायचा तेव्हा आई दुपारी ताट झाकून त्याच्या बंद दाराशी उभी राहायची. आत मीटिंग चाललेली. बांगड्याचं कालवण पुन्हा पुन्हा गरम व्हायचं, आणि तो जेवल्याशिवाय ती जेवायची नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि थांबू नको असंही कुणी म्हटलं नाही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगा की दुपारचं मी वाढून घेईन, तू वेळेवर जेव. आणि नुसतं सांगू नका, भांडी घासायला बसा. भांडी आणि धुणं यांना बाई मिळत असेल तर तिचा पगार तुम्ही द्या. हे पैसे कुठल्याही व्याजापेक्षा मोलाचे आहेत, असं मी अगदी मनापासून मानते.

आता स्लॅब. घर कुणाच्या नावावर आहे? जमिनीचा सातबारा आणि आठ-अ काढा, घराचा उतारा ग्रामपंचायतीतून घ्या. आपल्याकडे बहुतेक घरं अजून आजोबांच्या नावावर नाहीतर सामाईक खात्यावर असतात. काका बोरिवलीला, आत्या सासरी, नावं सगळ्यांची. अशा घरावर तुमचे 7-8 लाख चढले की ते घर तुमचं होत नाही. सामाईक घर जास्त किमतीचं होतं, एवढंच. पुढे वाटणीच्या वेळी "स्लॅब मी घातला" या वाक्याला कागदावर आधार नसतो, आणि भाऊबंदकी सुरू होते ती इथूनच. बाबांना हे उर्मटपणे सांगू नका. त्यांना स्लॅब हवाय तो मुलगा परत आला हे दिसावं म्हणून. त्यांच्यासोबत बसून आधी नावं लावायचं काम काढा. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज करा. शेतजमिनीची वाटणी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होते. एखादं राहतं घर किंवा शेतजमीन निव्वळ बाबांच्या मालकीची असेल आणि ती मुलाला द्यायची त्यांची इच्छा असेल, तर बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. तुम्हाला बहीण असेल तर तिलाही त्या बोलण्यात बसवा. कागद होईपर्यंत पैसा घालायचाच तर न्हाणीघरात घाला: खडबडीत फरशी, धरायला दांडा, कमोड. ते दोघांच्या गुडघ्यांसाठी आहे, त्याचा हिशेब मागायचा नसतो.

ऑफिसात हमखास येणारा प्रश्न: बाबांना भाडं दाखवून कर वाचवू का? तुमच्या पगाराला त्याची गरजच नाही. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि घरभाड्याची सवलत त्या प्रणालीत मिळतही नाही. खोट्या पावत्यांच्या नादाला लागू नका.

त्यापेक्षा दोघांचा आरोग्यविमा आत्ता काढा. आधीपासूनच्या आजारांना विमा कंपन्या 3 वर्षांपर्यंत थांबायला लावतात. तुम्ही पुण्यात घर घ्यायच्या वेळी ती मुदत संपलेली असेल. त्यांच्यापैकी कुणी 70 ओलांडलेलं असेल, तर सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं आणि त्यावर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार होतात. डेरवणच्या हॉस्पिटलात किंवा मुंबईला पेशंट हलवायची वेळ आली की साठवलेल्या लाखांना पाय फुटतात, हे मी ऑफिसात येणाऱ्या माणसांकडून फार वेळा ऐकलंय.

लोकांचं म्हणाल तर "नोकरी गेली काय रे?" हे विचारतीलच. काम इथूनच करतोय, एवढं सांगा आणि सोडा. पाचव्या महिन्यात तेच लोक मुलाच्या कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरायला तुमच्याकडे येतील. लग्न ठरत असेल तर मात्र त्या मुलीला तीन वर्षांचा हा बेत आधीच सांगा. तिला गावी राहायचं नसेल तर तारीख बदलते, आणि ती बदलू द्या.

शेवटी विजेचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी गावं अनेक आठवडे अंधारात होती, ते तुमच्या घरच्यांना आठवत असेल. एरवीही जून-जुलैत झाड तारांवर पडलं की लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो. इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि जवळच्या शहरात बसून काम करता येईल अशी एखादी जागा, एवढी तयारी स्वतःच्या पैशाने करा. जायचं ठरलंच तर मे संपायच्या आत जा. इन्व्हर्टर बसवणारा काय आणि कौलं चाळणारा काय, एकदा पाऊस लागला की कुणाच्या हाती लागत नाही.