प्रोसेसरमध्येच दोष असेल तर अपडेट टाकून काय उपयोग? की नुसता लॅपटॉप स्लो होतो?

उपयोग आहे, टाका, आणि बंद करून ठेवलेले अपडेट आजच चालू करा. तुम्ही लिहिलंय की मित्राने तुमच्या जुन्या लॅपटॉपवरचे सगळे अपडेट बंद करून दिले कारण 'दोष चिपमध्ये आहे, सॉफ्टवेअरने चिप थोडीच बदलते'. चिप बदलत नाही हे खरंय, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि असले सल्ले लोक बिनधास्त देत सुटतात याचा मला मनापासून त्रास होतो, कारण मी रोज सर्व्हर सांभाळतो आणि अपडेट नसलेल्या मशीनचं काय होतं ते बघतो.

आधी दोष काय आहे ते बघू. प्रोसेसरला रॅममधून एखादी गोष्ट आणायची म्हणजे शेकडो सायकल वाट बघावी लागते, तेवढा वेळ रिकामं कशाला बसायचं म्हणून तो पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते काम आधीच करून टाकतो, अंदाज चुकला तर केलेलं रद्द करतो. याला स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन म्हणतात आणि आजचे प्रोसेसर एवढे फास्ट वाटतात त्यात याचा मोठा वाटा आहे. घोळ असा की रद्द करताना हिशोब मागे घेतला जातो पण त्या नादात कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या पण फास्ट मेमरीत, जे येऊन बसलं ते तिथेच राहतं.

जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेला मेल्टडाउन नावाचा दोष नेमका यावरच चालतो. समजा एखाद्या प्रोग्रॅमला कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीतला एक बाइट वाचायचाय, ज्याची त्याला परवानगी नाही. तो बिनदिक्कत वाचायला सांगतो, आणि लगेच पुढच्या ओळीत त्या बाइटची जी किंमत असेल त्या नंबरचा खण स्वतःच्या २५६ खणांच्या यादीतून उघडायला सांगतो. परवानगी नाही हे पक्कं होऊन सगळं रद्द होईपर्यंत प्रोसेसरने तो खण उघडून कॅशमध्ये आणलेलासुद्धा असतो. मग प्रोग्रॅम निवांतपणे २५६ खण एकेक करून वाचतो आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते मोजतो. सगळे हळू येतात, ७३ नंबरचा पटकन आला, म्हणजे तो चोरलेला बाइट ७३. हेच पुन्हा पुन्हा करत गेलं की पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, सगळं हाताला लागतं, आणि सेकंदाला शेकडो किलोबाइट या वेगाने.

आता यात सॉफ्टवेअर काय करतं? मेल्टडाउनसाठी ऑपरेटिंग सिस्टिमने साधा पण जालीम उपाय केला, प्रोग्रॅम चालू असताना कर्नलची मेमरी त्याच्या नकाशातूनच जवळपास सगळी काढून टाकली, मग चिप कितीही अंदाज बांधो, वाचायला तिथे काही नाहीच. ब्राउझरवाल्यांनी जावास्क्रिप्टला मिळणारं घड्याळ मुद्दाम ढोबळ केलं म्हणजे तो खणांचा वेळ मोजताच येऊ नये, आणि क्रोमने २०१८ मध्येच आवृत्ती ६७ पासून वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकल्या. तिसरा भाग मायक्रोकोडचा. हा प्रोसेसरच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम असतो आणि त्याचा अपडेट प्रत्येक वेळी मशीन चालू होताना नव्याने भरला जातो, बायोसमधून (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) किंवा ऑपरेटिंग सिस्टिममधून. म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीने बायोस देणं बंद केलं असलं तरी विंडोज किंवा लिनक्सच्या अपडेटमधून मायक्रोकोड मिळू शकतो, आणि मित्राने नेमका तोच रस्ता बंद केलाय. मेल्टडाउनसोबतच जाहीर झालेला, अंदाज बांधण्याच्याच सवयीचा फायदा घेणारा दुसरा दोष स्पेक्टर मात्र असा एका फटक्यात संपणारा नाही, त्याचे भाऊबंद निघतच राहिलेत, २०२३ मध्ये इंटेलचा डाउनफॉल आणि एएमडीचा झेनब्लीड निघाला, म्हणून एकदा टाकला आणि झालं असं करून चालत नाही.

स्लो होण्याची भीती अगदीच खोटी नाही. प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यात सारखी ये-जा असेल, म्हणजे डेटाबेस, खूप फाइली वाचणं-लिहिणं, तिथे फरक मोजता येतो. डाउनफॉलच्या वेळी इंटेलने स्वतःच सांगितलं की काही ठरावीक कामांत ५० टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो, पण ती जड गणिताची कामं, ईमेल आणि व्हिडिओ नव्हेत. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टचंही म्हणणं होतं की स्कायलेक (इंटेलची २०१५ ची पिढी) आणि पुढच्या चिपवर विंडोज १० असेल तर बहुतेकांना फरक जाणवणार नाही, हॅसवेल (२०१३ ची पिढी) किंवा त्याआधीच्या चिपवर मात्र काहींना जाणवेल. तुमचा लॅपटॉप त्या काळातला असेल तर अपडेट काढण्यापेक्षा हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, त्याने जो फरक पडतो त्यापुढे हे काहीच नाही.

आणि खरं सांगायचं तर मला तुमच्यासाठी जास्त काळजी प्रोसेसरची नाहीच. एकाच मशीनवर अनोळखी लोकांचे प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालतात तिथे, म्हणजे क्लाउडमध्ये, हे दोष फार गंभीर. घरच्या लॅपटॉपवर चोराला एवढी मेहनत कशाला करायला लागते, साधी उघडी भोकं असतात की. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आठवतोय ना, १२ मे २०१७ ला जगभर पसरला, हॉस्पिटलं बंद पडली, आणि त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता, दोन महिने आधी! मित्राने प्रोसेसरच्या नावाखाली अपडेट बंद केले तेव्हा हे सगळे पॅचही बंद झाले, कारण विंडोजचा महिन्याचा अपडेट एकत्रच येतो, त्यातला हवा तो तुकडा निवडता येत नाही.

अपडेट कधी बिघडतही नाहीत असं नाही. जानेवारी २०१८ मध्येच इंटेलच्या मायक्रोकोडने हॅसवेल आणि त्यानंतरच्या ब्रॉडवेल चिपची मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली आणि २२ तारखेला इंटेललाच सांगावं लागलं की तूर्त टाकू नका. म्हणून बायोसचा अपडेट आला की आठवडाभर थांबा, कोणाचं काही बिघडलं का बघा, बॅकअप घ्या आणि चार्जर लावूनच टाका. ब्राउझरचा मात्र आला त्या दिवशी टाका, कारण अनोळखी कोड तुमच्या मशीनवर सर्वात जास्त तिथूनच येतो.

विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ११ त्या मशीनवर बसत नसेल तर लिनक्सचा विचार करा. तिथे टर्मिनलमध्ये एलएससीपीयू कमांड दिली की खाली एकेका दोषाचं नाव आणि त्यापुढे स्थिती दिसते, 'नॉट अफेक्टेड' किंवा 'मिटिगेशन' (म्हणजे दोषावर उपाय चालू) असेल तर ठीक, 'व्हल्नरेबल' दिसलं तर आधी मायक्रोकोडचं पॅकेज टाकून रीस्टार्ट करून बघा. आणि स्पीडसाठी मिटिगेशन्स ऑफ, म्हणजे हे उपाय बंद, करायचा सल्ला कोणी दिला तर ज्या मशीनवर तुम्ही ब्राउझर उघडता तिथे तो अजिबात ऐकू नका.