टेक्सासला एसईसीमध्ये सगळ्यात जड जाणारा संघ कोणता?

एसईसी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची एक लीग, साउथईस्टर्न कॉन्फरन्स. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमध्ये कुणालाही विचारलंत तर पहिलं नाव टेक्सास ए अँड एमचंच येईल, पण ते जुनं वैर बोलतंय. ए अँड एम 2012 मध्ये एसईसीत गेलं आणि दरवर्षीचा सामनाच बंद पडला. 2024 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा तिथे आल्यावर तो पुन्हा सुरू झाला, आणि टेक्सासने ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनला जाऊन 17-7 असा जिंकला.

धास्ती घ्यायची तर जॉर्जियाची. पहिल्याच मोसमात त्यांनी टेक्सासला दोनदा हरवलं: ऑस्टिनमध्ये 30-15, मग अटलांटात अजिंक्यपदाच्या सामन्यात जादा वेळेत 22-19. ऑस्टिनमध्ये तर त्यांच्या बचावफळीने टेक्सासचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) क्विन युअर्सला श्वास घेऊ दिला नाही. त्याला काही वेळ बसवून राखीव क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगला उतरवावं लागलं. बाकी कुणी टेक्सासला त्या मोसमात असं घुसळलं नाही. (नियमित मोसमातला एकमेव पराभवही हाच.)

ओक्लाहोमाचं गणित डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर सुटतं, आधीच्या फॉर्मवरून अंदाज बांधू नका. 2026पासून एसईसीत आठऐवजी नऊ सामने, त्यात ओक्लाहोमा, ए अँड एम आणि आर्कान्सा हे दरवर्षी ठरलेले. जॉर्जिया त्या यादीत नाही, ही टेक्सासवाल्यांच्या पथ्यावर पडलेली गोष्ट.