वाचकांचे प्रश्न : मंडळीने वर्षभरात पवित्र शास्त्र कसे वाचावे?

नाशिक शहरातील एका मंडळीने 2027 या वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र सर्वांनी मिळून वाचण्याचे ठरवले आहे. त्या ठरावानंतर मंडळीच्या सेक्रेटरींचे पत्र आले, आणि त्यापाठोपाठ शहराच्या निरनिराळ्या भागांतून त्याच विषयावरील पत्रे येत राहिली. त्यांपैकी काही पत्रे थोडक्यात देऊन या अंकात त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या कमिटीत तीन मते आहेत. काहींना उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ वाचावे असे वाटते, काहींना नवा करारच पुरेसा वाटतो, आणि तरुण संघाला इंटरनेटवरचा तयार तक्ता हवा आहे. प्रारंभ आगमनकाळात (नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत) करावा की जानेवारीत, यावरही एकमत नाही. आपण काय सुचवाल?
— मंडळीचे सेक्रेटरी, नाशिक

उत्तर : प्रथम आकडे मांडावेत, कारण अशा प्रसंगी निम्मे मतभेद आकडे समोर नसल्यामुळे होतात. आपल्या पवित्र शास्त्रात 66 पुस्तके आणि 1189 अध्याय आहेत. त्यांतील 929 अध्याय जुन्या करारातील आणि 260 नव्या करारातील आहेत. 365 दिवसांवर ते वाटले तर रोज सव्वातीन अध्याय वाट्याला येतात.

सरळ वाचनाला माझा विरोध आहे. 1 जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेली मंडळी महिना संपण्यापूर्वीच लेवीय पुस्तकाशी पोहोचते, आणि होमबली व अन्नबली यांच्या विधींपाशी कित्येकांचे वाचन थांबते, हे आपण सारे जाणतो. मात्र त्याहून मोठी अडचण अशी की 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, आणि त्या सकाळी सरळ वाचणारी मंडळी 2 शमुवेलमध्ये, अबशालोमाच्या बंडापाशी असेल. मत्तयाचा पहिला अध्याय, म्हणजे नव्या कराराचा आरंभ, उघडायला 13 ऑक्टोबर उजाडेल. जी मंडळी दर रविवारी शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र, ऐकते, तिने साडेनऊ महिने घरी ते उघडूच नये, ही रचना मला पटत नाही. केवळ नवा करार वाचणे सोपे आहे खरे, परंतु आपला ठराव ‘संपूर्ण’ शास्त्राचा आहे, आणि जुन्या कराराशिवाय नव्या कराराची अर्धी पाने मुकी राहतात.

मी पुढील विभागणी सुचवतो. स्तोत्रसंहितेचे 150 अध्याय बाजूला काढले की जुन्या करारात 779 उरतात. सोमवार ते शुक्रवार रोज जुन्या करारातील तीन आणि नव्या करारातील एक अध्याय वाचला, तर 52 आठवड्यांच्या 260 दिवसांत 780 आणि 260 अध्यायांची जागा होते, म्हणजे दोन्ही करार जवळजवळ तंतोतंत बसतात. शनिवारी तीन स्तोत्रे वाचावीत. 119व्या स्तोत्रात 176 वचने असल्यामुळे त्याला एक शनिवार स्वतंत्र द्यावा, तरीही वर्षात एक शनिवार मोकळा राहतो. रविवारी घरी काहीही नेमू नये, कारण तो दिवस एकत्र ऐकण्याचा आहे आणि मागे राहिलेल्यांना सावरण्याचाही आहे.

प्रारंभ सोमवार, 4 जानेवारी रोजी करावा. आगमनकाळात प्रारंभ करणे मंडळीच्या वर्षाला धरून होईल हे मान्य आहे, परंतु ज्या आठवड्यांत निम्मी मंडळी कॅरलसाठी रात्री उशिरापर्यंत घरोघरी फिरते, त्या आठवड्यांत नवी सवय लावू पाहणे शहाणपणाचे नाही. आगमनकाळ तयारीसाठी वापरावा : तक्ते छापणे, वाचक नेमणे, ज्या घरांत पवित्र शास्त्राची प्रत नाही तेथे ती पोहोचवणे.

नव्या कराराचा क्रम थोडा बदलावा. प्रथम मत्तयाचे 28 अध्याय, मग इब्री लोकांस पत्राचे 13, आणि त्यानंतर योहान घ्यावा. असे केल्याने फेब्रुवारीच्या मध्याला लेवीयाचे नऊ दिवस येतात तेव्हा शेजारी इब्री लोकांस पत्र असेल. याजक, रक्त आणि पडद्याआडचे स्थान यांविषयीचे दोन्ही लेखन एकाच दिवशी वाचले की लेवीय तितके परके राहत नाही. शिवाय येशूच्या वधस्तंभाविषयीचा योहानाचा 19वा अध्याय बरोबर 26 मार्चला, उत्तम शुक्रवारी, येतो. पुनरुत्थानाचा 20वा अध्याय ईस्टरच्या उपासनेत एकत्र वाचावा. पुढे मार्क, लूक, प्रेषितांची कृत्ये आणि उरलेली पत्रे या क्रमाने गेल्यास प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय 31 डिसेंबरला येईल. तो घरी न वाचता वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत वाचला जावा.

आपल्या भागातील दिवसांचाही विचार तक्त्यात असावा. दिंडोरी-निफाडकडील कुटुंबे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या काढणीत असतात, त्याच सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांमुळे शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणे अवघड होईल. त्या आठवड्यांत वस्तीवरच्या प्रार्थनासभा लहान आणि घराजवळ ठेवाव्यात. वाचनाचा क्रम मात्र बदलू नये.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करतो. आईची दृष्टी अधू झाली आहे आणि तिला लहान अक्षरे दिसत नाहीत. अशा घरांनी या वाचनात कसे सामील व्हावे?
— एक सभासद, सातपूर

उत्तर : आपल्या मातोश्री या योजनेत सवलत मागणाऱ्या नाहीत, शास्त्र ज्यांच्यासाठी मोठ्याने वाचले जात असे, त्या श्रोत्यांतील त्या आहेत. अनुवाद या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात आज्ञा आहे की दर सात वर्षांनी, मांडवांच्या सणात, पुरुष, स्त्रिया, मुले आणि गावात राहणारे परके यांना जमवून सर्वांच्या कानी नियमशास्त्र पडावे. नहेम्याच्या 8व्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो, लेवी हे जमलेल्या लोकांना अर्थ समजावून देतात, आणि ऐकणारे रडू लागतात. पौल कलस्सै येथील मंडळीला सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जावे. घरोघरी छापील प्रत असणे ही पुष्कळ नंतरची सोय आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की मंडळीने स्वतःचे वाचक तयार करावेत. दहा-बारा जणांनी आळीपाळीने त्या दिवसाचे चार अध्याय मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आदल्या रात्रीच व्हॉट्सअॅप गटावर पाठवावेत, म्हणजे सकाळच्या पाळीला निघणाऱ्याला बसमध्ये ते ऐकता येतील आणि आईला घरी. बाजारात तयार ध्वनिमुद्रणे मिळतात आणि ती चांगलीही असतात, तरीही गल्लीतल्या ओळखीच्या बाईंचा आवाज ऐकताना मनुष्य मध्येच बंद करत नाही.

वाचणारे पाळकच असावेत असे नाही. नाशिकजवळ मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपूरच्या मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकन तरुण कोणी दीक्षित पाळक नव्हता. 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा दफनविधीचे वाचन त्यानेच केले. मात्र वाचकाने आधी एकदा मोठ्याने वाचून पाहिलेले असावे, विशेषतः विशेषनामे. 1 इतिहास या पुस्तकाच्या पहिल्या नऊ अध्यायांत अडखळणारा वाचक श्रोत्यांनाही अडखळवतो.

प्रश्न : आमची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. घरातील जुन्या भाषांतराची मराठी त्यांना जड जाते. प्रत्येकाने आपापल्या आवडीचे भाषांतर वाचले तर चालेल का?
— एक पालक, कॉलेज रोड

उत्तर : एकट्याने वाचताना चालेल, एकत्र वाचताना चालणार नाही. पाच जण पाच भाषांतरे घेऊन बसले की चर्चा वचनावरून उठते आणि शब्दांच्या तुलनेत अडकते, असा वस्तीवरच्या सभांचा नेहमीचा अनुभव आहे. उपासनेत जे भाषांतर वाचले जाते तेच ध्वनिमुद्रणासाठी व सभेसाठी ठरवावे, आणि घरी समजण्यासाठी सोपे भाषांतर जवळ ठेवावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्यासाठी उपयोगी आहे. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीची तळमळ जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, प्रसिद्ध झाले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवून ते छापले.

मुलांच्या बाबतीत मी थोडा आग्रही आहे. त्यांनी इंग्रजीत वाचावे, पण आठवड्यातून एक परिच्छेद घरात मराठीतून मोठ्याने वाचावा आणि चुकल्यास हसू नये. शनिवारची स्तोत्रे त्यासाठी सर्वांत योग्य आहेत : ती लहान असतात, लयीत वाचता येतात, आणि 23वे किंवा 121वे स्तोत्र आजीला पाठ असल्यामुळे दुरुस्ती करणारे घरातच असते. नारायण वामन टिळक आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई यांच्या भजनांवर ज्या मंडळ्या वाढल्या, त्यांच्या नातवंडांना मराठीत एक स्तोत्रही वाचता येऊ नये, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : मी कॅथलिक कुटुंबातून या मंडळीत विवाह करून आले. माहेरच्या बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत. मी कोणते वाचावे?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नव्या करारात काहीही फरक नाही, 27 पुस्तके दोन्हीकडे सारखीच आहेत. जुन्या करारात तोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, बेन सिराख आणि बारूख ही सात पुस्तके, तसेच एस्तेर व दानीएल यांतील काही भाग आपल्या माहेरच्या प्रतीत अधिक आहेत. आपल्याकडील प्रत घेऊन मंडळीच्या तक्त्याप्रमाणे वाचण्यास काहीच अडचण नाही, आणि ही सात पुस्तके मोकळ्या शनिवारी किंवा सुटीत वाचावीत. शरणपूर वसवणारे मिशनरी ज्या अँग्लिकन परंपरेतून आले, तीही ही पुस्तके जीवनाच्या बोधासाठी वाचावीत, सिद्धांत ठरवण्यासाठी नव्हे, असेच सांगते. मक्काबी वाचल्यावर योहानाच्या 10व्या अध्यायातील पुनःस्थापनेचा सण कोठून आला, हे आपल्याला घरातील इतरांपेक्षा लवकर कळेल. ते त्यांनाही सांगावे.

प्रश्न : शास्ते पुस्तकाचा 19वा अध्याय किंवा यहोशवातील संहार मुलांसमोर कसा वाचायचा? असे भाग वगळले तर?
— संडे स्कूलच्या शिक्षिका, देवळाली कॅम्प

उत्तर : मुलांसमोर वाचू नयेत. प्रौढांनी मात्र वगळू नयेत. शास्ते 19 ही एका स्त्रीवरील अत्याचाराची कथा आहे, आणि ती शास्त्रात आहे म्हणून शास्त्राला ती मान्य आहे असे होत नाही; त्या पुस्तकाचे शेवटचे वाक्यच सांगते की त्या काळी प्रत्येक जण आपल्या दृष्टीस बरे दिसेल ते करीत असे. ज्या आठवड्यात असे अध्याय येतात त्याच्या आधीच्या रविवारी पाळकांनी पाच मिनिटे त्यांविषयी बोलावे, आणि मंडळीतील स्त्रियांना सभेत त्यांवर प्रथम बोलू द्यावे. यहोशवाविषयी माझ्याजवळ सर्वांचे समाधान करणारे उत्तर नाही. भाष्यकारांतही ते नाही. सभेत कोणी अस्वस्थ झाला तर त्याला घाईने गप्प करू नये.

वंशावळींना मात्र मुले भीत नाहीत, मोठेच भितात. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी यांच्या गोष्टी वर्षभरात कोठे येतात ते वर्गातील मुलांना शोधायला सांगावे.

प्रश्न : वर्ष पूर्ण करणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यावे आणि दर रविवारी हजेरी घ्यावी, असा एक प्रस्ताव आहे. आपले मत?
— तरुण संघाचे एक पदाधिकारी

उत्तर : दोन्ही नको. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वार्षिक वाचनाचा तक्ता केला; इंटरनेटवर आपल्याला सापडलेला तक्ता बहुधा त्याच घराण्यातला असेल. त्यांनी तक्त्याबरोबरच त्याचे धोकेही लिहून दिले होते : वाचन निव्वळ रीत होऊन बसणे, आपण नेमून दिलेले पूर्ण केले याचा अभिमान वाटणे, घाईने वाचणे, आणि काहींना ते जोखडासारखे जड होणे. हजेरीपट हे चारही धोके एकदम वाढवतो. जो मार्चमध्ये मागे पडला तो हजेरीच्या भीतीने एप्रिलमध्ये सभेलाच येत नाही.

त्याऐवजी प्रत्येक वस्तीवर दोन माणसे नेमावीत आणि त्यांचे काम एवढेच असावे की मागे पडलेल्याला त्यांनी आजच्या तारखेचा अध्याय सांगावा, राहिलेल्या अध्यायांचा हिशेब मागू नये. तक्त्याच्या पहिल्या पानावर ही सूचना ठळक अक्षरांत छापावी : मागे पडल्यास आजच्या तारखेपासून वाचावे. छपाईला देण्यापूर्वी तक्ता दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा, कारण अशा तक्त्यांत एखादे लहान पुस्तक, ओबद्या किंवा 3 योहान, हमखास सुटते.