बाटली स्वतः भरून आण

चि. पोरी,

तुझी यादी मिळाली. वहीची दोन पानं भरून विषय आणि खाली एकच ओळ: ‘सर, विद्यापीठात एवढं सगळं चालतंय, मी नेमकं काय धरू?’

यादीत थिन फिल्म, म्हणजे काचेवर चढवलेला पातळ थर, आहे, सुपरकपॅसिटर आहे, रंगाच्या सांडपाण्यावरचे जिवाणू आहेत, पठारावरच्या वनस्पती आहेत, शिरोळची क्षारपड जमीन आहे, गूळसुद्धा आहे. आणि मधूनमधून ‘अमुक पानाच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण’ तीन वेळा, तीन वेगळ्या पानांसकट. त्या तीन ओळींवर मी सरळ काट मारलीय. तुळस झाली, कडुलिंब झाला, कोरफड झाली. द्रावण तपकिरी होतं, ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषल्याचं शिखर येतं, पेपर निघतो. पान बदललं म्हणून प्रश्न बदलत नाही गं.

उरलेल्या यादीपुढं मी एकच प्रश्न लिहून ठेवलाय, आणि हे पत्र संपेपर्यंत तोच विचारत राहणार आहे. यातला कुठला नमुना तू स्वतः जाऊन, स्वतःच्या हातानं आणणार आहेस?

कोल्हापूरच्या या शिवाजी विद्यापीठाचा पसारा बघून तू बावरलीस, त्यात नवल नाही. १८ नोव्हेंबर १९६२ला राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा नुसता माळ होता. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, ते तर इतिहासाचे. विज्ञानाची ही सगळी खटपट एका इतिहासकाराच्या देखरेखीखाली उभी राहायला लागली, याची मला अजून गंमत वाटते. आज त्याच आठशे-साडेआठशे एकरांत एका इमारतीत कोणी काचपट्टीवर पिवळा थर चढवतंय, दुसरीत कोणी वाळलेलं फूल कागदावर शिवतंय, तिसरीत कोणी जमिनीपासून नव्वद किलोमीटर वरचा वारा मोजतंय. पण हे कोणी एका बैठकीत बसून ठरवलेलं नाही. इचलकरंजीत कापड रंगतं, म्हणून रंगाच्या पाण्यावर काम सुरू झालं. सह्याद्री दाराशी आहे, म्हणून वनस्पतिशास्त्राचं नाव झालं. निर्वात यंत्रणेचा खर्च झेपत नव्हता आणि बीकर, हॉटप्लेट, अमोनिया परवडत होता, म्हणून रासायनिक पद्धतीनं थर चढवायचं काम इथं मुरलं, असं मला तरी वाटतं. ज्याच्या हाताशी जे होतं, ते त्यानं धरलं. तुझ्या हाताशी काय आहे ते बघ. यादी नको बघूस.

आता नदीचं, आपल्या पंचगंगेचं, सांगतो, कारण तिथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत तू बी.एस्सी.ला केलीस. नळाच्या पाण्यावर केलीस, म्हणजे केली नाहीसच. तेरवाड बंधाऱ्यावर उतर. ३०० मिलीची बाटली पाण्यात बुडवून अशी भर की बुडबुडा राहता कामा नये, आणि बूच पाण्याखालीच लाव. मग काठावर बसून, तिथल्या तिथं, मँगनीज सल्फेट घाल, पाठोपाठ अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीसुलटी कर. पाण्यात जीव असेल तर तपकिरी साका बसायला लागतो. चिखलीच्या प्रयागाला, संगमाच्या खाली, असाच बसतो. पण उन्हाळ्यात, केंदाळ दाटलेलं असताना, खालच्या बंधाऱ्यांवर बाटलीत पांढराच साका राहिलेला मी पाहिलाय. पांढरा म्हणजे प्राणवायू नाही. तपकिरी नाही, करडा नाही, दुधासारखा पांढरा. पुढं आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च हे सगळं करायचं, वहीत आकडाही येतो, पण मला जे कळायचं ते त्या काठावरच कळलेलं असतं.

हीच बाटली कोणा शिपायानं भरली, जीपमध्ये उन्हात ठेवली आणि संध्याकाळी टेबलावर आणून दिली तर? आतले जिवाणू काय उपास धरून बसतात? राहिलेला प्राणवायू ते वाटेतच संपवतात. किंवा भरताना हवा शिरलेली असते, मग नदीत नव्हता तेवढा प्राणवायू बाटलीत सापडतो. दोन्हीकडून आकडा खोटा, आणि प्रबंधात तो दशांशचिन्हानंतर दोन घरांपर्यंत छापलेला. उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार मी आयुष्यभर बघितला. म्हणून म्हणतो, बाटली स्वतः भरून आण.

रंगाच्या पाण्याचंही तेच. बाटलीत जिवाणू सोडले, दीड-दोन दिवसांत लाल पाणी पांढरं झालं, की सगळे टाळ्या वाजवतात. ॲझो रंगातला तो नायट्रोजनचा जोड तुटला की रंग जातोच. पण तुटून काय उरलं? बहुतेकदा ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं उरतात, आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा वाईट असतात. रंग गेला म्हणजे विष गेलं नाही. ज्यांना हे कळतं ते पुढं जाऊन बघतात: त्या पाण्यावर ज्वारी, मूग उगवतो का, मूळ किती वाढतं, मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या क्रोमॅटोग्राफमध्ये कुठले तुकडे दिसतात. आपल्याकडं असं नेटानं काम करणारी माणसं आहेत, ती शोध. पण त्यांच्याकडं जाताना दुकानातून आणलेला एकच शुद्ध रंग घेऊन जाऊ नकोस. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याचं पाणी घेऊन जा. त्यात रंग एक नसतो. शिवाय मीठ, कांजी, सोडा, साबण, सगळं असतं. बाटलीतला शहाणा जिवाणू त्या पाण्यात गेला की गप्प बसतो.

माझं स्वतःचं काम इथंच अडलं. अमाइन्स ओळखायला लागणारं यंत्र तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हतं. नमुने कुरियरनं दूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. बरेच महिने काही आलं नाही, आणि आलं तेव्हा लेबलांची अदलाबदल झालेली. कुठला आलेख कुठल्या बाटलीचा, हे त्यांनाही सांगता येईना. ते अर्धं काम तसंच राहिलं. पुढं दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या गावच्या पाण्यावर तेच केलं, चांगलं केलं. मी त्यांचा पेपर वाचला आणि दोन दिवस कोणाशी बोललो नाही. आता कॅम्पसवर सामायिक सुविधा केंद्र आहे. नमुना हातात धरून जिना चढता येतो, मोजताना शेजारी उभं राहता येतं. याची किंमत तुमच्या पिढीला नाही, असं मी म्हणणार होतो, पण म्हणत नाही. तुला असेल.

तू म्हणशील, सर, थिन फिल्मवाल्यांना कुठली नदी? बरोबर, माझं तत्त्व तिथं जरा लंगडतं. तिथं नमुना आणायचा नसतो, घडवायचा असतो. पण नीट बघ. बीकरमध्ये कॅडमियमचं क्षार, अमोनिया, थायोयुरिया. पाणी गरम होतं, स्वच्छ द्रावण हळूहळू पिवळं पडतं, आणि उभ्या ठेवलेल्या काचपट्टीवर थर बसतो. पट्टी कधी बाहेर काढायची हे घड्याळ सांगतं, पण जुना माणूस रंग बघून सांगतो. जुलैत हवा ओली असते, पट्टी नीट वाळत नाही, थर सुटतो. ज्यानं स्वतः पट्ट्या धुतल्यात त्याला हे माहीत असतं. ज्यानं तयार पट्टी एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीला, पाठवली, तो नुसती शिखरं मोजतो. म्हणजे मुद्दा तोच. (आणि उरलेलं कॅडमियम बेसिनमध्ये ओतू नकोस. सौर ऊर्जेवर प्रबंध आणि गटारात कॅडमियम, असला घोळ मला ऐकायला नको.)

आकाशाचं तर विचारूच नकोस. विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. त्यांचं रडार साधारण ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. रात्री त्यांचा कॅमेरा आकाशाचा मंद उजेड टिपतो. अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या ऑक्सिजनचा ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्यात कधी उत्तर-दक्षिण काळे पट्टे सरकताना दिसतात. ते प्लाझ्माचे बुडबुडे. त्यांच्यामुळं जीपीएसचा संकेत डळमळतो. तिथून बाटली कोण आणणार? कोणी नाही. पण अंधाऱ्या, निरभ्र रात्री जागाव्या लागतात, पावसाळ्यात हात चोळत बसावं लागतं. तीही हजेरीच आहे. तुला रात्री जागायला जमत असेल तर जा तिकडं, मी आड येणार नाही.

वनस्पतिवाल्यांकडून मात्र एक गोष्ट शिकून ये, विषय कुठलाही घेतलास तरी. त्यांचा हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, कागद बघ. एक वाळलेली फांदी आणि कोपऱ्यात लेबल: ठिकाण, तारीख, उंची, कोणी गोळा केलं, त्याचा क्रमांक. कंदीलपुष्पाची नळी आतून कशी असते हे तिथलाच कोणी तुला दाखवेल: आत खाली वळलेले केस, त्यात चिमुकली माशी अडकते, फूल जुनं होऊन केस वाळले की सुटते. पण मी तुला फुलासाठी नाही, लेबलासाठी पाठवतोय. मसाई पठारावर गुडघ्यावर बसून ते लेबल ज्यानं लिहिलं, तो माणूस पुढची शंभर वर्षं त्या कागदाला जबाबदार आहे. तुझ्या बाटलीवर तेवढं लेबल असलं पाहिजे. माझ्या कुरियरच्या बाटल्यांवर नुसते आकडे होते.

गूळ, क्षारपड हे विषयही वाईट नाहीत. फक्त गूळ बाजारातल्या ढेपेचा आणू नकोस. गुऱ्हाळावर जा, काहिलीशेजारी उभी राहा, मळी काढताना भेंडीचं पाणी टाकतात की रंग उजळवणाऱ्या हायड्रोसची पुडी, ते स्वतः बघ. ढेप तोंड उघडत नाही.

आणि बाटली भरण्याआधी संख्याशास्त्र विभागात जा. आधी, नंतर नाही. किती ठिकाणी, कुठल्या काठाला, किती वेळा, हे त्यांना विचार. लोक आकडे हातात आल्यावर जातात आणि मग बिचारे संख्याशास्त्रवाले कोरडे चेहरे करून बसतात.

मला ठाऊक आहे, तुझ्या मैत्रिणी काय सांगतील. यात वेळ जातो, पेपर कमी होतात. जातो वेळ. माझेही पेपर कमी झाले. एका निवड समितीनं ते मला माझ्या तोंडावर मोजून दाखवले, आणि त्या वर्षी बढती दुसऱ्याला मिळाली, ज्यानं पंचगंगेवर लिहिलं आणि घाटाच्या खाली कधी पाय ठेवला नाही. घरी बायको म्हणाली, ‘तुम्हीच कशाला जाता, पोरं नाहीत का?’ होती की पोरं. पण त्यांनी भरलेल्या बाटलीवर मी सही कशी करणार? आज कोणी मला विचारलं की ‘साहेब, अमक्या उन्हाळ्यात शिरोळच्या बंधाऱ्यावर पाणी कसं होतं’, तर मी वही न उघडता सांगतो. हे स्वतःची बाजू मांडल्यासारखं वाटेल. वाटू दे. चाळीशीनंतर माणसाला आपल्या हट्टाची बाजू मांडायला कोणीतरी लागतं, आणि आज तू सापडलीस.

पुण्या-बंगळूरला जायचं असेल तर जा. मोठी यंत्रं आहेत, मोठी माणसं आहेत. पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस. इथल्या नदीचे दोन उन्हाळे वहीत घेऊन जा, म्हणजे तिथं यंत्र तुझ्या प्रश्नासाठी चालेल, तू यंत्रासाठी प्रश्न शोधत बसणार नाहीस.

तर यादीतलं मी निवडत नाही, तूच निवड. पण नदी निवडलीस तर सुरुवात अशी कर. प्रयाग चिखली, राजाराम बंधारा, इचलकरंजीच्या वर, इचलकरंजीच्या खाली, तेरवाड, नृसिंहवाडी. एकदा कामाच्या दिवशी, एकदा सुट्टीच्या. तापमान आणि पीएच काठावरच. बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजायच्या, बाटल्या बर्फात. थायोसल्फेट ताजं बनव आणि डायक्रोमेटनं प्रमाणित करून घे; कपाटात गेल्या वर्षीचं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. जुनी चप्पल घाल, काठाला गाळ असतो. एकटी जाऊ नकोस.

शनिवारी सकाळी मी सीबीएसला, मध्यवर्ती बसस्थानकावर, कुरुंदवाडच्या गाडीपाशी थांबतो. पहिल्या खेपेला बरोबर येईन, पिशवी धरीन, चहाचे पैसे देईन. बाटलीला मात्र हात लावणार नाही.

तुझे सर