साडेतीनचा गजर

ताई, सप्रेम नमस्कार.
मी ४३ वर्षांचा. मुलुंडला राहतो, फोर्टमधल्या एका बँकेत नोकरीला आहे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांत पूर्ण केली. आता या ऑगस्टमध्ये परदेशात जाऊन पूर्ण अंतराची ट्रायथलॉन करायचं मनात आहे : ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं. फी अजून भरलेली नाही. रोज साडेतीनचा गजर लावतो, सराव करून ७.५२ची लोकल पकडतो. रात्री आडवं व्हायला साडेअकरा होतात. आठवड्याला १४ तास सराव होतो, पण गेला महिनाभर वेळ सुधारण्याऐवजी बिघडतेय. सकाळी उठल्यावरची नाडी ५४ असायची, ती ६२ झालीय. बायको म्हणते, फार चिडका झालायस. मित्रांनी दोन-तीन रिकव्हरीच्या पावडरी सांगितल्यात. त्यातली कोणती घेऊ? दुसरं म्हणजे, तलावात दोन किलोमीटर आरामात पोहतो, पण परवा ग्रुपबरोबर समुद्रात उतरलो तर पन्नास मीटरवरच श्वास कोंडला आणि परत फिरलो.
– एक वाचक, मुलुंड

कुठलीच पावडर घेऊ नका. तुमचं पत्र वाचताना मी पेन्सिलनं एकच गोष्ट अधोरेखित केली : साडेअकरा ते साडेतीन. चार तास! प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, आणि आठवड्याला १४ तास अंग झिजवणाऱ्याला त्याहून थोडी जास्तच. व्यायामात स्नायूंची जी झीज होते, ती भरून काढण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त सुटतं तेही गाढ झोपेत. चढलेली नाडी, चिडचिड, कष्ट वाढूनही घसरणारी वेळ, ही सगळी त्या न झालेल्या भरपाईची लक्षणं आहेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०११ साली मी तुमच्याच वयाची होते आणि माझाही गजर साडेतीनचाच होता. मुलीचं दहावीचं वर्ष, शाळेची नोकरी, घरी सासूबाई आजारी. सगळ्यांना पुरून उरलेला वेळ म्हणजे पहाट, असं माझं गणित. फेब्रुवारीत एका रविवारी पहाटे पाचच्या सुमारास ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, विक्रोळीच्या अलीकडे, मी सायकलवरून पडले. मागून कुणी धडक दिली नव्हती, रस्त्यात खड्डाही नव्हता. डोळा लागला की लक्ष उडालं, ते मला आजही सांगता येत नाही. कॉलरबोन मोडलं, पट्टी बसवावी लागली, त्या वर्षीची स्पर्धा गेली. मुलगी परीक्षेच्या तोंडावर माझी वेणी घालून देत होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी रोज सात तास झोपून, आठवड्याला जेमतेम ११ तासांच्या सरावावर, मी तेच अंतर १५ तास ५२ मिनिटांत पूर्ण केलं.

म्हणून आजपासून दहा दिवस फक्त झोपा. थोडं चाला, सावकाश पोहा, बाकी काही नको. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहा. ती पुन्हा पंचावन्नच्या आसपास आली तर आपलं निदान बरोबर. नाही आली तर डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. ईसीजी तर या वयात एवढ्या मोठ्या सरावाआधी काढायलाच हवा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर दहा दिवस थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्यानंतर सव्वादहा ते सव्वापाच झोप धरून आठवडा मांडू या. पहाटेचे तास गेले, मग सराव कधी? एक वाट तुमच्या रोजच्या रस्त्यावरच आहे. आठवड्यातून एकदा बँकेतून थेट पळत निघा. मरीन ड्राइव्ह, पेडर रोडचा चढ, वरळी आणि दादर. पेडर रोडचा तो चढ तुम्हाला मॅरेथॉनमधून माहीत आहेच, थकल्या पायांनी तो चढण्याचा सराव सोन्यासारखा आहे. दादरला शर्ट बदलून स्लो लोकल पकडा. फास्टमध्ये घामाघूम माणसाला कुणी उभं राहू देणार नाही. दोन दिवस सकाळी तासभर पालिकेच्या तलावात. दोन दिवस घरीच ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारता येणाऱ्या स्टँडवर, सायकल, समोर टेबल फॅन आणि खाली जुनी सतरंजी, म्हणजे खालच्या मजल्यावरचे वैतागणार नाहीत. रविवारी लांबची सायकल. मुलुंडहून कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आलात की साधारण १८० किलोमीटर भरतात, ही तुमच्या घराच्या जागेची मोठी कमाई आहे. सुरुवात मात्र शहापूरला वळून करा, कसाऱ्यापर्यंत काही महिन्यांनी. ठाणे ते वडपे ट्रकांची गर्दी असते, म्हणून चांगलं उजाडल्यावरच निघा आणि एकटे जाऊ नका. घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवून लगेच वीस मिनिटं पळा. पहिली पाच मिनिटं पाय दुसऱ्या कुणाचे वाटतील, त्यांची ओळख आधीच व्हायला हवी. शनिवारी सुट्टी, आणि ती घरच्यांची.

आता ऑगस्टबद्दल. तुमच्याजागी मी असते तर यंदा फी भरली नसती. वेळेचं गणित तुमच्या बाजूचं आहे. बहुतेक स्पर्धांत एकूण १७ तास मिळतात, त्यातले पोहण्यासाठी २ तास २० मिनिटं. तलावात १०० मीटरला अडीच मिनिटं धरली तर पोहणं १ तास ३५ मिनिटांत होईल. ताशी २५च्या वेगानं सायकल ७ तास १२ मिनिटं. किलोमीटरला आठ मिनिटांनी धावलात तर ५ तास ३८ मिनिटं. कपडे-बूट बदलण्याची वीस मिनिटं धरूनही पावणेपंधरा तास होतात. अडचण आहे ती समुद्राची आणि दमलेल्या शरीराची, आणि या दोन्ही गोष्टी सहा महिन्यांत घाईनं सुटत नाहीत. अर्ध्या अंतराची स्पर्धा, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं, २०१९पासून आपल्या गोव्यात होते. मिरामारचा समुद्र, दमट उकाडा, सगळं आपल्या ओळखीचं. यंदा ती करा, पूर्ण अंतर पुढच्या वर्षी. ही अंतरं काही देवानं ठरवून दिलेली नाहीत. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर तिथल्याच तीन वेगवेगळ्या शर्यती एकामागोमाग जोडून हा प्रकार सुरू झाला. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केलं. एक वर्ष थांबलात म्हणून तुम्ही कमी ठरत नाही.

समुद्राची भीती मला तुमच्या नाडीइतकीच महत्त्वाची वाटते. तलावात तळाची काळी रेघ दिसते, भिंत येते. आपल्या समुद्रात स्वतःचा पंजाही दिसत नाही. घाबरलं की माणूस श्वास धरून ठेवतो, सोडत नाही, आणि छाती भरलेलीच असताना आणखी हवा ओढायला जातो. कोंडल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. म्हणून पहिले तीन-चार वेळा पोहू नका. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवा आणि बुडबुडे सोडा, सावकाश, पोट आत जाईपर्यंत. मग पाठीवर तरंगायला शिका. केव्हाही उलटून आकाशाकडे बघत पडता येतं हे अंगाला कळलं की अर्धी भीती जाते. त्यानंतर दर सहा-आठ हातांनी डोळ्यांपुरतं डोकं वर काढून किनाऱ्यावरची एखादी उंच इमारत हेरायची, मगरीसारखं.

दिवस निवडताना कोळी बांधवांना विचारा, पंचांगही बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी निवांत. नवशिक्यानं भांगाचेच दिवस धरावेत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. सोबत होडी, कमरेला भगव्या रंगाचा फुगा आणि दोन अनुभवी माणसं नसतील तर उतरूच नका. मे महिन्यापर्यंत हे सगळं करा. पावसाळ्यात समुद्र पूर्ण बंद, लाटांमुळे आणि किनाऱ्याला येणाऱ्या ब्लू बॉटल या जेलीफिशसारख्या विषारी जीवांमुळेही. त्यांचे निळे दोरे अंगाला लागले की चाबूक मारल्यासारखे वळ उठतात. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते. तिथे लहान अंतराला नाव द्या आणि घरच्यांना घेऊन जा.

आणि हे पत्र वहिनींना वाचायला द्या. त्यांनी तुमचं दुखणं तुमच्या घड्याळाआधी ओळखलं होतं.

ताई, लांब सायकलिंगमध्ये बाजारातल्या एनर्जी जेलनं (ताकदीसाठी चोखायचा गोड पाक) माझ्या पोटात ढवळतं. घरचं काही चालेल का?
– एक वाचक, गिरगाव

चालेल. लांबच्या सरावात तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. दोन केळी आणि चिक्कीचा एक तुकडा म्हणजे तासाची सोय झाली. मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे मला सर्वांत मानवले, ते तिसऱ्या तासानंतर गोडाचा कंटाळा आला की काढायचे. निघण्याआधी आणि आल्यावर वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. वजन वाढलेलं दिसलं तर मात्र सावध व्हा. नुसतं पाणी जास्त प्यायल्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. स्पर्धेच्या दिवशी नवं काहीही खाऊ नका.

चाळीस हजारांत ट्रायथलॉनची सायकल येईल का?
– एक वाचक, परळ

नवी ट्रायथलॉन सायकल येणार नाही, पण तिची गरजही नाही. वापरलेली, तुमच्या मापाची रोड सायकल, म्हणजे पातळ टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची, घ्या. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित, २५ ते ३५ अंश, वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, नवे टायर आणि दोन जादा ट्यूब. मग ट्यूब बदलायला घरी बाल्कनीत शिका, घड्याळ लावून, दहा वेळा. मागचं चाक आधी घ्या, चेनमुळे तेच जास्त सतावतं.